भिंतीपाशी मरायचा मान

"भिंतीपाशी मुलगी मेली तर चालेल का?"

जीभ माझी होती, पण पैज माझ्या मैत्रिणींची, झोफी आणि हेद्विकाची. शाळेतून येताना पुलाच्या कठड्यावर बसून दोघींनी मला डिवचलं होतं. "घरी बापासमोर फार चुरूचुरू बोलतेस. सगळ्या पथकासमोर विचारून दाखव, मग मानू." म्हटलं, दाखवते! आणि एप्रिलच्या सभेत, गावच्या खानावळीच्या मागच्या खोलीत सगळे पथकवाले बिअरचे मग पुढे घेऊन बसलेले असताना मी उभी राहिले आणि विचारून टाकलं. आवाज जरा चिरकलाच, पण विचारलं.

आमचे ढोलवाले चेनेक आजोबा मिशीतला फेस पुसता पुसता थांबले. बाबाने, म्हणजे पथकाच्या कप्तानाने, आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी बाबाकडे पाहिलं. मग बाबा म्हणाला, "न चालायला काय झालं? चालेल की. अपोलेना, या वर्षी तू भिंतीपाशी."

इतकं पटकन! मी तर भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते. पाच मुद्दे पाठ केले होते, त्यातला एकही वापरावा लागला नाही. मी अशी काही किंचाळले की खानावळवाली बाई उकडलेल्या बटाट्यांचं भांडं हातात घेऊन धावत आली. खिडकीबाहेर झोफी आणि हेद्विका एकमेकींना मिठ्या मारत होत्या.

आता भिंत कुठली, हे आमच्या गावात कुणाला विचारलंत तर तो तुमच्याकडे नुसता बघत राहील. सोळाशे वीस सालच्या नोव्हेंबरात प्रागच्या बाहेर, पांढऱ्या टेकडीवर, आपण चेक लोक हरलो. दुपारचं जेवण पोटात जायच्या आत राज्य गेलं, राजाने पळ काढला आणि पुढची तीनशे वर्षं व्हिएन्नाच्या बादशहाने आपल्याला वाकवलं. भाड्याने आणलेले शिपाई पळाले, घोडेस्वार त्यांच्याही आधी पळाले. पळाले नाहीत ते फक्त आमच्या मोराव्हिया प्रांताचे. राजाच्या शिकारीच्या बागेला एक लांब भिंत आहे, तिला पाठ लावून ते उभे राहिले आणि शेवटच्या माणसापर्यंत तिथेच मेले. आम्ही हे आईच्या दुधाबरोबर प्यालेलो आहोत.

दर सप्टेंबरात आम्ही त्या टेकडीवर जाऊन ती लढाई परत लढतो आणि परत हरतो. प्रागची माणसं सतरंज्या घालून बघायला बसतात, भाजलेले सॉसेज खातात. कम्युनिस्टांची राजवट गेली त्यानंतर माझ्या आजोबांनी आणि चेनेक आजोबांनी हे पथक उभं केलं, आणि भिंतीपाशी कोण मरणार हे तेव्हापासून सभेत ठरतं. ज्याला मान मिळतो त्याच्या डगल्याला भिंतीचा चुना लागतो. तो चुना झटकायचा नाही, डगला धुवायचा नाही. पाठ पांढरी असलेला माणूस खानावळीत शिरला की लोक बाकावर सरकून जागा देतात, मग एरवी तो कितीही भिकार का असेना. माझ्या आजोबांचा डगला तर तिथेच काचेच्या पेटीत टांगलाय, पाठ बाहेर करून.

आणि पडायचं कधी, याचा एकच नियम. ढोल थांबेपर्यंत कुणी पडायचं नाही. चेनेक आजोबा भिंतीच्या कोपऱ्यावर उभे राहून ढोल वाजवतात, शेवटी ते पडतात, ढोल थांबतो आणि त्यांच्यासोबत सगळे पडतात. त्या क्षणी सतरंज्यांवरची माणसंसुद्धा चघळायची थांबतात. लहानपणी मी ते बघून दर वर्षी रडायचे, आणि दर वर्षी मला वाटायचं, मला तिथे असायचंय.

तर मी उन्हाळाभर भाला पेलला. भाला म्हणजे दोन माणसांच्या उंचीहूनही लांब अशी ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची काठी, पुढे लोखंडी टोक. तो आडवा धरून उभं राहायला लागलं की पाचव्या मिनिटाला खांदे रडतात. मी द्राक्षाच्या मळ्यांमधल्या पायवाटेने तो घेऊन फिरायचे. ट्रॅक्टरवरचे काका ओरडायचे, "काय गं पोली, चिमण्या हाकलतेस का?" मी ओरडायचे, "नाही, तुमच्यासारखे बोके!" वर्गात मी एरवी हात वर करायला लाजणारी मुलगी, पण त्या उन्हाळ्यात मला कसली भीतीच उरली नव्हती. मेले तर भिंतीपाशी मरेन, फळ्यापाशी काय घाबरायचं!

आईने मला नवा निळा डगला शिवला. ती औषधाच्या दुकानात काम करते आणि उरलेल्या वेळात सगळ्या पथकाचं शिवण बघते. मापं घेताना टाचण्या तोंडात धरून म्हणाली, "जुनाच एखादा बेतून दिला असता की."

"आई, पहिला चुना जुन्या डगल्यावर? शोभतं का?"

तिने मान खाली घातली आणि टाचणी लावली. मला वाटलं, लेक मोठी झाली म्हणून भरून आलंय.

एकच माशी शिंकली. ऑगस्टच्या शेवटी बाबाने माझं नाव नृत्यवर्गात घातलं. आमच्याकडे सोळाव्या वर्षी सगळ्या मुलामुलींना तिथे पाठवतात. मुलींना लांब झगे, मुलांना पांढरे हातमोजे, आणि वॉल्ट्झ शिकता शिकता एकमेकांच्या पायांचा चुराडा. मला जायचं होतंच, पण दर गुरुवारी? गुरुवार तर पथकाच्या सरावाचा!

"बाबा, मंगळवारचा वर्ग पण आहे ना."

"मंगळवारचा भरला," बाबा म्हणाला. तो द्राक्षावर फवारणी करायची यंत्रं दुरुस्त करतो, त्या दिवशीही कसलातरी पंप उघडून बसला होता आणि पंपाकडेच बघून बोलत होता. "आणि तुला सरावाची गरज काय? तू आमच्यापेक्षा चांगली उभी राहतेस."

मी फुलून गेले. अगदी टम्म फुगले. नंतर कळलं की मंगळवारच्या वर्गात हेद्विकाचा अख्खा शेजार होता आणि अजून चार जागा रिकाम्या होत्या. पण तेव्हा मी विचार केला, बाबाला कुठे वारांचं भान असतं!

सप्टेंबरात, लढाईच्या शनिवारी सकाळी आम्ही बसने टेकडीवर पोचलो. ऊन कोवळं होतं, गवत ओलं. बसच्या पोटातून भाले काढताना माझ्या लक्षात आलं की बाप्यांनी या वर्षी जड बूट घातलेले नाहीत, सगळ्यांच्या पायांत हलके सपाट जोडे.

"चेनेक आजोबा, तुम्ही पण? तुमचे ते खिळ्यांचे बूट कुठे गेले?"

"गुडघा गं पोरी, गुडघा," आजोबा म्हणाले आणि ढोलाचे पट्टे ओढायला लागले. पट्टे चांगले घट्ट होते, तरी ओढत राहिले.

पाण्याच्या नळापाशी बादशहाच्या बाजूचे लोक होते, लाल पट्टेवाले. त्यांच्यात एक दणकट बाई भाल्याला तेल लावत बसली होती. तिचं नाव व्हेंदुला, एरवी पिल्झन शहरात ट्राम चालवते. त्यांच्या पथकात बायका कधीपासून भाले धरतात, कुणी पैजा मारून प्रश्न विचारत नाही.

"नवी दिसतेस. कुणाची गं तू?" तिने विचारलं.

"मोराव्हियाची. या वर्षी भिंतीपाशी आहे!"

तिने तेलाचं फडकं थांबवलं, माझ्या डगल्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. माझे बूट जड होते, माझ्या सख्ख्या आजोबांचे, आत दोन मोजे कोंबलेले.

"या बुटांनी?" ती म्हणाली. "सांभाळून पळ हो. उतारावर गवत निसरडं आहे."

"मोराव्हियाचे पळत नाहीत," मी ताठ मानेने म्हटलं.

"हो का?" तिच्या बाजूचा एक फाटक्या दाढीचा माणूस खो खो हसला. व्हेंदुलाने त्याच्या पोटरीवर फडकं मारलं आणि म्हणाली, "जा बाई, बटणं लाव नीट." मला वाटलं, शत्रू आहेत, चिडवणारच.

मग लढाई. तोफा धडधडल्या, धुराने डोळे चुरचुरले, तोड्याच्या बंदुका फाटफाट वाजल्या, घोडे गेले, घोडे आले. सगळं दर वर्षी पाहिलेलं, पण आतून बघण्याची गोष्टच वेगळी! मी भिंतीला पाठ लावली. दगड गार होता, डगल्यातून गारवा पाठीत शिरला. डावीकडे बाबा, उजवीकडे आमचा पाववाला, पुढे भाल्यांची रांग. धुरातून लाल पट्टे हळूहळू वर चढत होते. झोफी आणि हेद्विका दोरीपलीकडून गळा काढून ओरडत होत्या, "पोलीऽऽ! मर गं मर!"

कोपऱ्यावर चेनेक आजोबा वाजवत होते. धड, धड, धड-धड. माझं काळीज त्याच तालावर.

आणि ताल बदलला.

एकदम भरभर, घाईचा, मी आयुष्यात न ऐकलेला. बाबाने भाला खाली टाकला. पाववाल्याने टाकला. सगळ्यांनीच टाकले, एकाच वेळी, कवायतीत टाकतात तसे. आणि आमचं पथक, मोराव्हियाचं पथक, भिंतीच्या कडेने धूम पळत सुटलं. चेनेक आजोबासुद्धा. गुडघेदुखीवाले चेनेक आजोबा ढोल वाजवत वाजवत ससा पळावा तसे पळत होते.

"चल!" बाबा माझ्याकडे बघून ओरडला. "पोली, चल ना!" आणि तोही गेला.

मला आधी वाटलं, काहीतरी खरंच झालंय. कुणाला लागलं, आग लागली. मग कर्ण्यावरून निवेदकाचा आवाज आला, छान वाचून दाखवल्यासारखा. "आणि मंडळी, इतिहासकारांच्या मताला मान देऊन यंदा प्रथमच आपण खरं तेच पाहत आहात. मोराव्हियाची तुकडीही इतरांप्रमाणेच पळ काढते." तो जरा थांबला. "एक जण सोडून."

लोक हसले. सतरंज्यांवरची ती सगळी माणसं हसली.

मी उभी राहिले. शूर वगैरे म्हणून नाही, मला दुसरं काही येतच नव्हतं. नियम एकच ठाऊक होता, आणि ढोल थांबलेला नव्हता. तो लांब लांब जात होता, झाडांमागे गेला, तरी वाजतच होता. लाल पट्टेवाले माझ्यासमोर येऊन थबकले. त्यांच्या भाल्यांची टोकं माझ्या नाकासमोर हलत होती आणि त्यांनाही पुढे काय करायचं ते कळेना.

"पड ना," फाटक्या दाढीवाला कुजबुजला.

"ढोल थांबला नाही."

"अगं तो आता बसपर्यंत थांबायचा नाही! पड."

व्हेंदुला पुढे आली. तिने भाला उभा केला आणि माझ्या कानाशी वाकली. "तुला कुणी सांगितलंच नाही?"

"काय?"

"या वर्षी भिंत नाही म्हणून. फेब्रुवारीतच ठरलंय, सगळ्या कप्तानांच्या बैठकीत. आम्हाला तर कधीच कळवलं होतं."

फेब्रुवारी. मी प्रश्न विचारला एप्रिलमध्ये.

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. बाबाने आजोबांकडे का पाहिलं. उत्तर इतकं पटकन का आलं. गुरुवारचा नृत्यवर्ग, सपाट जोडे, आईची खाली गेलेली मान. जो मान उरलाच नव्हता तो मला दिला होता, लहान पोराच्या हातात रिकामी बाटली देतात तसा. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि गळा कापणाऱ्यांत माझ्या घरचे झाडून सगळे.

"मी पडणार नाही," मी म्हटलं. आवाज भरून आला, पण चिरकला नाही. "आणि पळणार पण नाही."

व्हेंदुलाने थोडा विचार केला. "मग कैद हो. चालेल?"

"चालेल."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने आरोळी ठोकली, "कैदी!" तिच्या लोकांनी भाले वर केले आणि मला मधे घेऊन आम्ही उतारावरून चाललो. लोक टाळ्या वाजवत होते. हेद्विकाचे मात्र दोन्ही हात तोंडावर.

लाल पट्टेवाल्यांच्या तळावर मला चरबी आणि कांदा लावलेला पाव मिळाला, आणि मसुराचं सूप. कुणी काही विचारलं नाही. खाता खाता माझं नाक गळत होतं, तर दाढीवाल्याने त्याचा रुमाल दिला, तो बंदुकीच्या दारूने काळा झालेला, आणि मला आणखीच रडू आलं.

आमच्यात कैद्याला सोडवायची रीत आहे. मोराव्हियाचा कप्तान नव्या द्राक्षांची, अजून फसफसणारी वाइन घेऊन येतो, एक अख्खा बुधला, तो शत्रूला देतो, शत्रू कैदी देतो, मग सगळे मिळून पितात. बाबा बुधला खांद्यावर घेऊन आला. हसत आला. मागे आई होती, ती हसत नव्हती.

"काय हो, आमची एक पोरगी हरवलीय!" बाबा ओरडला. "फार खाते, फार बोलते. बुधला घ्या आणि सुटा एकदाचे!"

कुणी हसलं नाही. बाबाने बुधला खाली ठेवला.

"पोली, चल. बस थांबलीय."

"फेब्रुवारीत ठरलं होतं," मी म्हटलं.

बाबाने टोपी काढली, परत घातली. "बघ, हिवाळ्यात ब्रनोहून त्या इतिहासवाल्या बाई आल्या होत्या. त्यांनी कागद दाखवले. आपले पण पळाले होते गं. थोडे उभे राहिले असतील, पण बाकीचे पळाले, शरण गेले. इतकी वर्षं आपण लोकांना गोड खोटं दाखवतोय. एकदा तरी खरं करून बघू म्हटलं."

"मग मला का म्हणालास चालेल?"

"तू सगळ्यांसमोर विचारलंस! इतक्या आशेने विचारलंस. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतंस, मग सगळ्या गावात झालं असतं, लोक भांडले असते. आणि तू किती खूष होतीस उन्हाळाभर. वाटलं, मैदानात सगळे पळाले की तू पण पळशील. मग हसू सगळे मिळून."

"माझ्यावर."

"अगं, तसं नाही..."

"बाबा, लोक माझ्यावरच हसले. निवेदक पण हसला. पाववाल्याला माहीत होतं, चेनेक आजोबांना माहीत होतं. पिल्झनच्या ट्रामवालीला माहीत होतं!"

"खरंय," व्हेंदुला पाव चघळत म्हणाली. "मला माहीत होतं. मला वाटलं हिलाही असेल."

आई पुढे आली. माझी कॉलर सरळ करायला तिने हात उचलला, मी मागे सरले. हात तसाच हवेत राहिला.

"मी त्याला म्हटलं होतं, पोरीला सांग म्हणून," ती हळूच म्हणाली. "दहादा म्हटलं."

"त्याला म्हटलंस. मला नाही म्हटलंस. माझी मापं घेत होतीस, आई. माझ्या अंगाला हात लावून बसली होतीस, तेव्हा पण नाही."

आईचे डोळे भरले. मला वाईट वाटलं. तरी मी बोलायची थांबले नाही, कारण थांबले असते तर बाबाने बुधला उघडला असता, सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या असत्या, आणि हे सगळं पुढच्या सभेत सांगायचा एक विनोद होऊन बसलं असतं.

"तुम्हाला वाटतं मी मरायला मिळालं नाही म्हणून रडतेय," मी म्हटलं. "मला सांगितलं असतंत ना, तर मी पळाले असते. तुम्हा सगळ्यांच्या पुढे पळाले असते, अशी पळाले असते की प्रागपर्यंत दिसले नसते. आपले पळाले होते तर पळाले होते. ते चारशे वर्षांपूर्वीचे लोक आहेत, त्यांचा मला राग नाही. मला तुमचा राग आहे."

बाबा खाली बघत होता. इतका मोठा माणूस, कप्तान, आणि बुटाच्या टोकाने गवत उकरत होता. "चुकलं," तो म्हणाला. "चुकलंच. पुढच्या वर्षी मी स्वतः बैठकीत सांगतो. निदान चार-पाच जण तरी उभे राहू दे म्हणून. तू त्यांत पहिली. शब्द देतो."

त्याचा शब्द. एप्रिलमध्येसुद्धा मी त्याच शब्दावर किंचाळले होते.

मी व्हेंदुलाकडे पाहिलं. "तुमच्यात जागा आहे का हो?"

"जागा काय, असतेच," ती म्हणाली. "पण आमच्यात पहिली दोन वर्षं मागच्या रांगेत उभं राहायचं. काही दिसत नाही, नुसता धूर. आणि सरावाला पिल्झनला यावं लागतं. आधीच सांगते."

आधीच सांगते! मला हसू फुटलं, रडता रडताच.

मी उठले. बुधला उचलला, जड होता, पण उन्हाळाभर भाला पेलला होता मी, आणि बाबाच्या हातात परत दिला.

"हा घेऊन जा, बाबा. मला सोडवू नकोस. घरी येईन मी तुमच्याबरोबर, शाळेत जाईन, नृत्यवर्गालाही जाईन, पण मंगळवारी. पथक मात्र सोडलं. आई, डगला छान झालाय, तो तुझ्याकडे ठेव. पुढच्या सप्टेंबरात मी लाल पट्टा लावणार आहे, मागच्या रांगेत. मी तुमच्या समोरून येणार आहे."